मास्तरांचे मोजके शब्द

साऱ्या नगर जिल्ह्यात त्या काळी मास्तरांइतकं कमी बोलणारा आणि तरीही इतका ऐकला जाणारा दुसरा माणूस नव्हता, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही. बोलणं हा माझा धंदा होता. आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो. विद्यार्थीदशेत वक्तृत्वाच्या दोन ढाली मिळवल्या होत्या आणि एक एक वाक्य असं वळणं घेत न्यायचो, की शेवटच्या क्रियापदापर्यंत पोचल्यावर मला स्वतःलाच धन्य वाटायचं. हजेरीपटावर साठ नावं असत, बाकांवर वीस मुलं असत आणि त्यांतली पाचसहा जागी असत. आणि तिकडे खिडकीबाहेर, एप्रिलच्या उन्हात, मुरमाच्या मैदानाभोवती दोन-दोनशे माणसं उभी राहून आमचे बास्केटबॉलचे मास्तर आता काय म्हणतात म्हणून कान टवकारून असत. ते बहुधा "बरं" एवढंच म्हणत.

बास्केटबॉल शिकवणारा माणूस उंच असेल असं आपण समजतो. मास्तर माझ्या खांद्याला लागत. पूर्वी लष्करात हवालदार होते, तिथंच हा खेळ शिकले, मग काही वर्षं एका शाळेत कवायत घेतली, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. कॉलेजात खडू हातात धरणारा जो तो 'सर' होता. 'मास्तर' ते एकटेच होते, आणि हेसुद्धा मला खुपायचं. कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी असा त्यांचा वेष असे. शिट्टी कधी वाजवत नसत. टाळी वाजवली की पोरं थांबत. मी एकदा विचारलं, की मग ती गळ्यात कशाला? तर म्हणाले, "वाजवली की पोरं दचकत्यात."

त्यांच्या बोलण्यात काही शब्द मुळी नव्हतेच. 'चूक' हा त्यातला पहिला. पोराच्या हातून चेंडू निसटो, सोपी बास्केट हुको, नाही तर मारलेला चेंडू प्राचार्यांच्या खोलीची काच फोडून आत जावो, मास्तर फक्त "राहिलं" म्हणत आणि पोराला परत उभं करत. मला हे भाषेच्या दृष्टीनं सहन होईना. स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं आणि हे वाक्य अपूर्ण आहे, याला कर्ता नाही, राहिलं म्हणजे नेमकं काय राहिलं, असं चांगलं दहा मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जे व्हायचं हुतं ते राहिलं, सर. उद्या हुईल." एम.ए.ला दुसरा आलेला मी, हजेरीपट उचलून तासाला निघून गेलो. समोरच्या संघालाही ते 'ते' किंवा 'शत्रू' म्हणत नसत. सगळ्यांना पाव्हनं म्हणत. एकदा पुण्याहून एक संघ बसनं यायचा होता, तर आमची उत्साही पोरं सायकली मारत केडगावपर्यंत गेली आणि बसच्या खिडक्यांतून खेळाडूंच्या उंचीचा अंदाज घेऊन धापा टाकत परत आली. सहा फुटाच्या खाली एकही नाही, अशी भयंकर बातमी त्यांनी दिली. मास्तरांनी एवढंच विचारलं, की प्यायचं पानी दिलं का पाव्हन्यांला? दुष्काळाची सुरुवात झाली होती आणि पाणी ही विचारण्याची गोष्ट होती, हे खरं. पण मी म्हणतो, असं काही मला का सुचत नाही?

आता त्यांच्या भक्तांविषयी सांगितलं पाहिजे, कारण माझं खरं दुखणं तिथं होतं. कापडबाजारात एक शिंपी होता. तो संघाच्या बनियनांवर आकडे शिवून द्यायचा आणि सामन्याच्या दिवशी दुकान बंद ठेवायचा. सर्कल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ घडीची खुर्ची काखोटीला मारून सर्वांत आधी येत आणि मैदानाच्या कडेला, अगदी मधल्या रेषेला खेटून बसत. बी.ए.च्या मुली माझ्या तासाला हजेरी लावून, आवाज न करता मागच्या दारानं सरावाला जात, कारण मास्तर त्यांना 'बाई' म्हणत आणि 'तुमी' म्हणत, आणि आम्ही त्यांना रोल नंबरानं हाका मारत असू. हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण या लोकांनी मास्तरांचे शब्द उचलले. मी शिंप्याकडं पँट शिवायला टाकली होती, तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड निघाला. मी संतापून त्याच्या पुढ्यात पँट धरली. त्यानं ती उलटीसुलटी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "राहिलं, सर. उद्या हुईल." घरी आलो, जेवायला बसलो, आमटीत मीठ नव्हतं. बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "राहिलं," आणि हसली.

तेव्हा मला कळलं की माझी बायकोही सामने बघायला जाते. गावाबाहेर सावेडीत तेव्हा वस्ती विरळ होती. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो, दुपारी तिला करमत नसे, आणि शेजारच्या बाईंबरोबर ती कधी जायला लागली ते मला समजलंच नाही. माझं एकही व्याख्यान तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. मी बोलावलंही नव्हतं, हे खरं, पण एखादीनं आपणहून यावं की नाही? कॉलेजात चार वर्षं ओतलेल्या माझ्या शब्दांपैकी एकही कॉलेजच्या फाटकाबाहेर गेला नव्हता, आणि या माणसाचा एक क्रियापदाचा तुकडा माझ्या आमटीत येऊन पडला होता.

मग मी सूड घ्यायचं ठरवलं. आमच्या लोकांना सूड घ्यायचा झाला की आम्ही लेख लिहितो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी 'शब्दसंपत्ती आणि व्यक्तिमत्त्व' असा एक लेख योजला. ज्याच्याजवळ शब्द थोडे त्याचं मनही तोकडं, असा त्याचा सारांश होता, आणि मास्तरांचं नाव न घेता सगळ्यांना मास्तरच दिसतील अशी व्यवस्था मी करणार होतो. पुरावा हवा म्हणून शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक सामन्याला खेळाडूंच्या बाकामागं बसून मास्तर बोलतील तो शब्द न् शब्द उतरवू लागलो. मास्तरांनी एकदा मागं वळून पाहिलं, वही पाहिली आणि थोडं बाजूला सरकून मला नीट ऐकू येईल असं केलं. त्याचाही मला राग आला.

वही भरत गेली तसा माझा लेख मात्र बिघडत गेला. शब्द थोडे होते यात शंका नव्हती. 'बरं', 'परत', 'हळू', 'पानी प्या', असं पानामागून पान होतं. पण जिंकलेल्या सामन्यांची पानं एकीकडे आणि हरलेल्यांची दुसरीकडे ठेवून पाहिली, तेव्हा एक गोष्ट दिसली आणि ती काही केल्या डोळ्यांआड होईना. जिंकले की मास्तर म्हणत, "पोरांनी केलं." हरले की म्हणत, "माझं राहिलं." एकदाही याच्या उलट नव्हतं. भक्तांचं अगदी याच्या उलट होतं. जिंकलं की शिंपी बाजारभर सांगत फिरे, की आपण हाणलं त्यांना. हरलं की म्हणे, घालवली लेकांनी. मी हे सगळं अभ्यासकाच्या अलिप्तपणे टिपून घेतलं आणि वही उशाला ठेवून झोपलो. सकाळी बायको चहा देताना म्हणाली, की वही वाचली. मी आवडली का विचारलं. ती म्हणाली, मास्तरांची पानं चांगली आहेत, पण समासात तुम्ही जे तुमचं लिहिलंय त्यात दर ओळीला 'मी' आहे. ती मॅट्रिक होती. मी चहा तसाच ठेवून कॉलेजात गेलो.

त्या वर्षी आमचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि सामना आमच्याच मैदानावर व्हायचा ठरला. संघाचा सगळा भार दशरथवर होता. तो पाथर्डीकडच्या एका खेड्यातला, ताडासारखा उंच, बोलायला लाजणारा मुलगा. त्याचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. खेळाडू म्हणून कॉलेजनं त्याला वसतिगृहात जागा आणि जेवण दिलं होतं. ते बंद झालं असतं तर त्यालाही खडीवरच जावं लागलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसून पेंगायचा. पहाटे पाचपासून पळत असे, त्यामुळे मी रागावत नसे, असं मला आठवतं. बहुधा रागावत असेन.

सामन्याच्या दिवशी मैदानावर पाणी मारायला मास्तरांनी बंदी केली होती. माणसांना मिळत नाही ते मुरमाला कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे लाल धुळीत सगळं दिसेनासं झालं होतं. शेवटची काही सेकंदं उरली, आम्ही एका गुणानं मागं होतो आणि चेंडू आमच्याकडं होता. मास्तरांनी टाइम-आउट घेतला. पोरं धापा टाकत बाकाशी गोळा झाली. मी त्यांच्या मागं दोन हातांवर होतो. मास्तर दशरथच्या मनगटाला धरून म्हणाले, "तू मारू नको. समदे तुझ्याच अंगावर येत्याल. कप्तान डावीकडं मोकळा राहील, त्याला दे." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

खेळ सुरू झाला. चेंडू दशरथकडं आला आणि मैदानाभोवतीचं सगळं नगर एका आवाजात ओरडायला लागलं, "दशरथ, मार, मार." शिंपी ओरडत होता, इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर चढून ओरडत होते, बी.ए.च्या मुली ओरडत होत्या. मी माझ्या बायकोचाही आवाज ओळखला. दशरथनं डावीकडं पाहिलं. कप्तान मोकळा होता. तरी त्यानं लांबूनच चेंडू मारला. चेंडू रिंगच्या कडेला लागला, वर उडाला आणि बाहेर पडला. सामना संपला.

क्षणभर फक्त धूळ खाली बसत होती. मग लोक मैदानात घुसले. दशरथ जिथं होता तिथंच गुडघे टेकून बसला होता आणि ज्यांनी त्याला 'मार' म्हणून सांगितलं होतं तेच आता त्याच्याभोवती उभे होते. कुणीतरी त्याच्या पाठीवर चप्पल फेकली. इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवरून उतरून पुढं आले आणि म्हणाले, "कुणी सांगितलं होतं रे तुला मारायला?"

मास्तर त्या घोळक्यातून वाट काढत गेले. दशरथच्या पुढं उभे राहिले. गर्दीत त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं, इतके ते बुटके.

"मी सांगितलं हुतं," ते म्हणाले.

माझ्या वहीतली शाई अजून ओली होती.

गाव दोन दिवसांत उलटलं. शिंपी म्हणाला, मास्तरांचं आता वय झालं. इन्स्पेक्टरसाहेबांनी संस्थेच्या लोकांकडं तक्रार केली, की अशा वेळी लांबून मारायला सांगणारा माणूस काय कामाचा. मास्तरांची नेमणूक तात्पुरती होती, त्यांच्याजवळ डिप्लोमा नव्हता आणि डिप्लोमावाला माणूस आणावा असं काही जणांच्या मनात आधीपासूनच होतं. सोमवारी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत जिमखाना समितीची बैठक भरली. मी त्या समितीवर होतो. मास्तर समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. एकानं शंका काढली, की पोरानं मास्तरांचं न ऐकता मनानंच मारलं असेल तर? तसं असेल तर असल्या बेशिस्त मुलाला फुकट का पोसायचं? पोरं तर मास्तर म्हणतील तेच सांगणार, म्हणून प्राचार्य माझ्याकडं वळले.

"तुम्ही बाकाच्या मागंच होतात ना? मास्तरांनी खरंच तसं सांगितलं?"

वही माझ्या पायाशी पिशवीत होती. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"आवाज फार होता, सर," मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही."

बैठक पाच मिनिटांत आटोपली. सत्र संपल्यावर मास्तरांना मुदतवाढ द्यायची नाही असं ठरलं. दशरथचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सायकल काढायला गेलो तर मास्तर तिथं उभे होते. मी पिशवी मागं लपवली, ती त्यांनी पाहिली. म्हणाले, "तुमच्या वहीत हाय ते मला ठावं हाय, सर. तुमी बोलला न्हाई. पोराचं वरीस वाचलं. लई उपकार झाले." त्यांनी दोन्ही हात जोडले. मी म्हणालो, त्यात काय एवढं, मास्तर. आणि सायकलवर बसून निघून आलो.

आता इथं मला खरं सांगायला हवं. ऐकू आलं नाही असं मी म्हणालो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दशरथ आला नव्हता. पहिल्यांदा आलं ते रिकामं मैदान. पुढच्या जूनमध्ये खिडकीबाहेर कुणी नसेल, मुली तासाला बसतील, बायको दुपारी घरी असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं आणि मग त्याच्या मागून, जरा उशिरा, दशरथ आला. दोन्ही कारणांसाठी वाक्य एकच होतं. घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीचं, पीठ मळत होती. म्हणाली, ऐकू आलं नाही म्हणालात ते कुणासाठी? मी म्हणालो, दशरथसाठी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पिठाकडं पाहिलं आणि भाकरी थापायला घेतली. मिलोची भाकरी तशीही घशाखाली उतरायची नाही. त्या दिवशी अगदीच उतरली नाही.

मास्तर गेले. नवे डिप्लोमावाले आले. ते फार शिट्टी वाजवत आणि स्वतःबद्दल सविस्तर बोलत. शिंप्यानं क्रिकेटच्या पँटी शिवायला घेतल्या. इन्स्पेक्टरसाहेबांची खुर्ची दिसेनाशी झाली. बायकोनं सामन्यांना जाणं सोडलं. माझ्या तासाला मात्र तेवढीच मुलं बसत आणि तेवढीच पेंगत. त्या मुली कुठं जात होत्या कोण जाणे. लेख मी लिहिलाच नाही. दशरथ बी.ए. झाला आणि पाथर्डीकडच्याच एका शाळेत लागला. निरोपाच्या दिवशी तो माझ्या पाया पडला. मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, की सरांना विसरू नको.

दोन वर्षांनी कॉलेजची सहल घेऊन भंडारदऱ्याला गेलो, तेव्हा कळलं की तिथून जवळच्याच एका आश्रमशाळेत मास्तर आहेत. मुलांना धरणावर सोडून मी एकटाच चालत गेलो. डोंगराच्या कुशीत थोडी सपाट केलेली जागा, एका खांबाला ठोकलेली एकच रिंग आणि अनवाणी पोरांचा घोळका. मास्तर आता पुरते पिकले होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. पोरांना म्हणाले, हे लई शिकल्याले सर हाईत. मला ते ऐकवेना. त्यांना बाजूला घेतलं आणि दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य, सगळी वळणं काढून टाकून, सरळ सांगून टाकलं.

"मास्तर, त्या दिवशी मी गप्प बसलो ते दशरथसाठी नव्हतं. तुम्ही जावंत असं मला वाटत होतं."

ते वाकून बुटाची नाडी बांधत होते. गाठ पुरी बांधली, मग उभे राहिले.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, की मग हात कशाला जोडलेत?

"पोराचं काम झालं हुतं ना, सर. का झालं ते मी कशाला इचारू?"

आणि मग, जणू ही गोष्ट इथंच संपली, अशा सहजपणानं त्यांनी पोरांकडं वळून टाळी वाजवली. एक लहानसा पोरगा रिंगखाली उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी चेंडू वर फेकला. तो रिंगपर्यंत पोचलाच नाही. पोरगा घाबरून मास्तरांकडं बघायला लागला. मास्तर त्याच्याजवळ गेले, उकिडवे बसले, त्याच्या मनगटाला धरून काहीतरी हळूच म्हणाले. मला ऐकू आलं नाही, खरोखरच ऐकू आलं नाही. पोरगा मात्र हसला आणि परत जाऊन उभा राहिला.

मी खाली उतरलो, मुलांना गोळा केलं, बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो. घाट उतरेपर्यंत मागं मुलं गाणी म्हणत होती. इतकं सगळं होऊनही माझा हेवा काही गेला नव्हता, एवढंच माझ्या लक्षात आलं. फक्त आता तो मास्तरांचा नव्हता, त्या पोराचा होता.